नऊ सीटच्या इलेक्ट्रिक सीप्लेनचं पिच डेक वाचलं: विमान देखणं, पाण्याचा हिशोब गायब (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू विमानाचा नाहीये कारण ते विमान अजून अस्तित्वातच नाही. हा रिव्ह्यू आहे ते विमान बनवायला पैसे गोळा करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफरचा, म्हणजे त्यांचं बेचाळीस पानी पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायची स्लाइडची फाइल), छोट्या मॉडेलचे दोन व्हिडिओ आणि गुंतवणूकदारांसाठी ठेवलेलं तासाभराचं ऑनलाइन प्रेझेंटेशन. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. गेल्या काही वर्षांत अशी चार-पाच डेक वाचली आणि नाव नि रंग सोडले तर आतला मजकूर जवळपास तोच असतो, त्यामुळे तुमच्या हातात दुसऱ्या कुणाचं डेक असेल तरी हे उपयोगी पडेल.

माझा संबंध इतकाच की मी सात वर्षं सीप्लेनच्या, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या मेंटेनन्सला होतो, बहुतेक काम ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर, चाकांऐवजी फ्लोट म्हणजे तरंगणारे पोकळ डबे लावलेल्या. इंजिनिअरिंगची मोठी डिग्री नाही, पण खारं पाणी विमानाचं काय करतं ते रोज हाताने पुसलंय. आतेभावाचा मेसेज आला, "दादा, तू यावर काम केलंयस ना, बघ जरा, मला चांगलं वाटतंय, बाजूला ठेवलेले पैसे टाकू का?" म्हणून नीट बसून वाचलं. दोन रात्री गेल्या.

ऑफर अशी आहे. नऊ प्रवासी, एक पायलट, पाणी आणि रनवे दोन्हीवर उतरणारं विमान, खालचा भाग बोटीसारखा म्हणजे हल, पंखावर दोन इलेक्ट्रिक मोटर, हलच्या खाली बाहेर येणारे आणि आत जाणारे हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालून विमानाला वर उचलणारे छोटे पंख. एकूण वजन ४ टन, त्यात बॅटरी १२०० किलो. वेग ताशी २५० किमी, रेंज ४०० किमी, पाण्यावरून उडायला ३०० मीटर पुरे, एक मीटरच्या लाटेतही चालेल, आणि तीन वर्षांत सर्टिफिकेशन, म्हणजे उडवायची सरकारी मान्यता.

चांगलं आधी बोलतो कारण चांगलं खरंच आहे. डिझाइन बघून जीव हरखतो. मोटर पंखाच्या वर आणि मागे घेतल्यात हे बरोबर केलंय, प्रोपेलर पाण्यापासून जितका लांब तितका बरा. इलेक्ट्रिक मोटरला पाण्यावर एक मोठा फायदा आहे, ताकद लगेच मिळते आणि थोड्या वेळासाठी जास्तीची ताकदही काढता येते, आणि सीप्लेनला नेमकी तीच उडतानाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात हवी असते. डॉकजवळ मोटर पूर्ण बंद करून परत चालू करणंही सोपं. म्हणजे कल्पना मूर्खपणाची आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट असं काहीतरी झालं तर मला मनापासून आनंद होईल.

पण मग डेकमधले फोटो बघायला लागलो. सगळे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं. अकरा मोजली. अकराही चित्रांत पाणी आरशासारखं सपाट आणि विमान वेगाने चाललंय तरी फवारा नाही, मागे एक नाजूक पांढरी रेघ फक्त. ज्याने एकदा जरी डॉकवर उभं राहून सीप्लेन उडताना बघितलंय त्याला हे लगेच खटकेल. खरं विमान पाण्यावर जोर लावतं तेव्हा दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठतात, समोरची काच काही सेकंद दिसेनाशी होते, आणि तो फवारा कुठे जातो यावर अर्धं डिझाइन ठरतं. प्रोपेलरमध्ये गेला तर पात्यांची पुढची धार खडबडीत होते, आम्ही ती धार बोट फिरवून तपासायचो आणि कानशीने घासून सारखी करायचो, ते काम कधी संपायचंच नाही. फवारा फ्लॅपवर, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीवर आदळला तर पत्रा वाकतो. डेकमध्ये फवारा हा शब्द एकदाही नाही. शोधून बघितला.

आणि ते आरशासारखं पाणी, ते तर पायलटला नको असतं. सपाट पाण्यावर उतरताना उंचीचा अंदाज येत नाही, पाणी कुठे सुरू होतं तेच डोळ्याला कळत नाही. उडताना तेच पाणी हलच्या बुडाला धरून ठेवतं, सुटत नाही, म्हणून पायलट कधीकधी आधी एक गोल फेरी मारून स्वतःच लाटा पाडतात आणि मग त्या लाटांवरून उडतात. म्हणजे डेकमधलं सगळ्यात सुंदर चित्र हे प्रत्यक्षात लांब टेकऑफचं चित्र आहे.

आता मूळ गोष्ट, जी एकाही डेकमध्ये नीट लिहिलेली मला सापडली नाही. सीप्लेनचा कस हवेत लागत नाही, पाण्यावर लागतो. विमान सुरुवातीला बोटीसारखं पाण्यात बसलेलं असतं. वेग वाढला की नाक वर उठतं, पाण्याचा विरोध वाढत जातो वाढत जातो आणि उड्डाणाच्या वेगाच्या साधारण निम्म्याच्या आतबाहेर तो सगळ्यात जास्त होतो, त्याला हंप म्हणतात. हलवर हा विरोध विमानाच्या वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत सहज जाऊ शकतो. तो ओलांडला की विमान बुडाच्या पायरीवर, म्हणजे स्टेपवर चढतं आणि मग पाण्यावरून घसरत पळतं. नाही ओलांडला तर कितीही लांब तळं द्या, विमान नाक वर करून पाणी ढकलत बसणार. गरम दिवस, पूर्ण भरलेलं विमान, वारा नाही, अशा दुपारी आम्ही सामान उतरवलेलं मी कितीदा बघितलंय, कधी दोन बॅगा, कधी एक माणूस. त्यामुळे "३०० मीटर" या आकड्याला काही अर्थच नाही जोपर्यंत तुम्ही वजन किती, तापमान किती, वारा किती, पाणी कसं हे सांगत नाही. डेकमध्ये यातलं काहीच नाही, नुसतं ३००, मोठ्या निळ्या अक्षरात.

प्रेझेंटेशनमध्ये मी हेच विचारलं. हंपला विरोध किती आणि तिथे थ्रस्ट म्हणजे प्रोपेलरचा पुढे ढकलणारा जोर किती, एवढा एक ग्राफ दाखवा. उत्तर आलं की हायड्रोफॉइलमुळे हंपचा प्रश्नच येत नाही. हे अर्धं खरं आहे. फॉइल हल लवकर उचलतो, विरोध कमी होतो, हे बोटींवर सिद्ध झालंय. पण नेहमीच्या आकाराच्या फॉइलभोवती ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या आसपास पाण्यात बुडबुडे व्हायला लागतात आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, दगा देते, आणि ४ टनाचं विमान साधारण त्याच वेगाला किंवा त्याच्या थोडं वर हवेत जाणार. म्हणजे पाण्याचा आधार सुटतोय आणि हवेचा पूर्ण मिळायचाय अशी एक फट राहते, ती कशी भरणार ते दाखवायला हवं. त्यात पाण्यात तरंगणारा ओंडका. फ्लोटला ओंडका लागला तर डेंट येतो, फॉइलच्या बारीक दांडीला लागला तर काय होतं याचं उत्तर मला मिळालं नाही. कॉनव्हेअर कंपनीने १९५३ मध्ये सी डार्ट नावाचं जेट पाण्यावर स्कीवर पळवलं होतं, अमेरिकन नौदलाचा पैसा मागे होता, तरी स्कीचा हादरा शेवटपर्यंत डोकेदुखी राहिला आणि प्रकल्प बंद झाला.

मॉडेलच्या व्हिडिओबद्दल. पाव आकाराचं रिमोटवरचं मॉडेल तळ्यावरून मस्त उडतं, बघायला छान वाटतं, आतेभाऊ याच्यावरच भाळला होता. पण पाव आकार म्हणजे वजन चौसष्टावा भाग, आणि लागणारी ताकद त्याहूनही कमी, साधारण एकशे अठ्ठाविसावा भाग. छोट्या मॉडेलला दुकानातली मोटर लावली तरी ताकद भरपूर उरते, त्यामुळे हंप आला कधी गेला कधी कळतच नाही. शिवाय पाण्याचे थेंब आकाराने पावपट होत नाहीत, म्हणून फवारा मॉडेलवर वेगळाच दिसतो. मॉडेल निरुपयोगी नाही हां, चाचणीच्या टाकीत मॉडेल ओढून विरोध मोजणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, पण मग ते आकडे द्या. ड्रोनवरून काढलेला संगीत लावलेला व्हिडिओ हा आकडा नाही.

बॅटरीचा हिशोब मी कागदावर केला, तुम्हीही करू शकता. ४ टनाचं विमान, हल असल्यामुळे हवेत विरोध जास्त, तरी लिफ्ट आणि ड्रॅगचं (हवेच्या विरोधाचं) गुणोत्तर १२ धरलं, म्हणजे उदारपणे. ताशी २५० किमीला साधारण २२७ किलोवॅट लागतात, प्रोपेलर आणि मोटरमधलं नुकसान धरून बॅटरीतून २८५ च्या आसपास. डेकमध्ये बॅटरीचा आकडा किलोला ३०० वॅट-तास आहे, तो जसाच्या तसा मानला तरी १२०० किलोत ३६० किलोवॅट-तास. सव्वा तास. ४०० किमीला लागतो एक तास छत्तीस मिनिटं. म्हणजे त्यांच्याच आकड्यांनी त्यांची रेंज येत नाही, तीही बॅटरी पार शून्यापर्यंत रिकामी करून. आता जरा वास्तवात या. डबा, कूलिंग, वायरिंग, आगीपासूनचं संरक्षण धरून पूर्ण पॅक किलोला १८० धरा, आणि त्यातले ८० टक्केच वापरा कारण बॅटरी रोज निचरा करून चालत नाही. उरतात छत्तीस मिनिटं. दिवसा नजरेने उडतानाही अर्ध्या तासाचं इंधन राखीव ठेवायचा नियम अमेरिकेत आहे. सहा मिनिटं उरली. पंचवीस किलोमीटर. टेकऑफ आणि वर चढणं यात धरलंच नाहीये.

हा हिशोब बघून आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण हार्बर एअरने उडवलंय ना इलेक्ट्रिक." उडवलंय, आणि कॅनडातल्या त्या सीप्लेन कंपनीच्या लोकांबद्दल मला आदर आहे. १० डिसेंबर २०१९ ला त्यांनी बीव्हर नावाच्या जुन्या छोट्या विमानात ७५० अश्वशक्तीची मोटर बसवून नदीवरून काही मिनिटं उडवली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७२ किमी गेले, २४ मिनिटांत. प्रवासी नव्हते. त्यांनी किती मिनिटं, किती किलोमीटर ते उघड सांगितलं आणि जे विमान १९४७ ला पहिल्यांदा उडालं आणि पाण्यावर केव्हाचं चालतंय तेच घेतलं, नवीन हल काढायच्या भानगडीत पडले नाहीत. एका वेळी एकच नवी गोष्ट. आमच्या डेकमध्ये नवीन हल, नवीन फॉइल, नवीन मोटर, नवीन बॅटरी, घडी होणारे पंख, सगळं एकदम आणि तीन वर्षांत.

तीन वर्षांबद्दल तर बोलायलाच नको. चीनचं एजी६०० हे मोठं सीप्लेन, सरकारी कंपनी, पैशाची चणचण नाही, काम सुरू झालं २००९ ला, पहिलं उड्डाण २०१७ च्या डिसेंबरला, पाण्यावरून पहिलं उड्डाण २०१८ ला, सर्टिफिकेट २०२५ ला. डॉर्निअर सीस्टार, बारा जणांचं कंपोझिटचं सुंदर सीप्लेन, १९८४ ला उडालं, १९९० च्या सुमारास सर्टिफिकेटही मिळालं आणि तरी कित्येक दशकं उत्पादन झालंच नाही, नव्या रूपातलं उडालं २०२० ला. विमान चांगलं होतं, पैसे संपले, परत पैसे आले, परत संपले. आयकॉन ए५ बघा, २००८ ला दोन सीटचं देखणं विमान लोकांसमोर आणलं, किंमत १ लाख ३९ हजार डॉलर सांगितली, लोकांनी रांगा लावल्या, ती किंमत पुढे ३ लाख ८९ हजारांवर गेली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेही विमान खरोखर उडत होतं आणि ग्राहकांकडे पोचलं होतं, लक्षात घ्या. नुसत्या चित्रावरची कंपनी नव्हती ती.

मागे गेलात तर अजून मोठी स्वप्नं सापडतात. १९२१ ला काप्रोनीने इटलीत तळ्यावर नऊ पंखांचं, आठ इंजिनांचं, शंभर प्रवाशांसाठीचं उडतं जहाज आणलं, मार्चमध्ये पाण्यावर कोसळलं. डॉर्निअरचं डू एक्स, बारा इंजिनं, १९२९ ला १६९ माणसं घेऊन उडालं, एकूण तीन बनली. ब्रिटनचं सॉन्डर्स-रो प्रिन्सेस, १९५२, तीन बांधायला घेतली, उडालं एकच. प्रिन्सेसचं मला सगळ्यात वाईट वाटतं कारण विमानात तसा दोष फार नव्हता, युद्धात जगभर लांब रनवे झाले आणि पाण्यावर उतरायची गरजच संपली. हा प्रश्न आजही विचारायला हवा. तुमच्या मार्गावर रनवे नाही, फेरी बोट हळू आहे, आणि पाणी वर्षातले बहुतेक दिवस शांत आहे, असे मार्ग किती? मालदीवची ट्रान्स मालदीवियन ही सीप्लेन कंपनी एवढ्या ट्विन ऑटर चालवू शकते कारण तिथे बेटं आहेत, प्रवाळाच्या आतलं शांत पाणी आहे आणि येणारा पाहुणा पैसे मोजतो. डेकमध्ये मार्केटच्या पानावर किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरमध्ये राहणारी सगळी माणसं ग्राहक म्हणून मोजली आहेत.

आणि मीठ. डेकमध्ये एक ओळ आहे, "कार्बन फायबर असल्यामुळे गंजाचा प्रश्न नाही." ही ओळ वाचून मला राग आला, खरंच आला. सकाळी पहिल्या फेरीआधी आमचं काम म्हणजे फ्लोटच्या प्रत्येक कप्प्याचं रबरी बूच काढायचं, हातपंप लावायचा आणि दट्टे मोजत पाणी काढायचं. रोज दोन-तीन दट्ट्यांत पंप हवा ओढायला लागायचा. एखाद्या दिवशी पंधरा झाले की समजायचं कुठेतरी शिवण सुटलीय, मग त्या कप्प्यात हात घालून, टॉर्च तोंडात धरून रिव्हेट शोधायचा. संध्याकाळी सगळं विमान गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनही आतून धुवायचं, तरी स्ट्रटच्या (आधाराच्या दांड्यांच्या) जोडापाशी पांढरी भुकटी यायचीच आणि नख लावलं की रंगाचा पापुद्रा निघायचा, खाली धातू पोखरलेला. कार्बन गंजत नाही हे खरं पण कार्बनला लागून असलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात उलट लवकर गंजतं. बोल्ट, बिजागऱ्या, चाकांचे पाय, केबल हे काही कार्बनचे नसतात. वर यांच्याकडे जास्त व्होल्टेजचे कनेक्टर आणि १२०० किलो बॅटरी, त्याच हलमध्ये, पाण्याच्या जवळ. रोज किती तास धुणं-पुसणं, किती दिवसांनी काय बदलणार, या खर्चाचं एक पानही नाही, आणि नफ्याच्या तक्त्यात मेंटेनन्स "नेहमीच्या विमानाच्या निम्मा" धरलाय. मोटर सोपी आहे म्हणून. मोटर सोपी आहे, समुद्र तोच आहे.

ऑर्डर बुकवर थोडकं. "दोनशे विमानांची मागणी" असं लिहिलंय, खाली बारीक अक्षरात लेटर ऑफ इंटेंट. म्हणजे इच्छापत्र. बहुतेक वेळा त्यात पैसे भरलेले नसतात आणि मागे फिरायला अडचण नसते. परत मिळणार नाही असं डिपॉझिट किती जणांनी भरलं हे विचारलं, आकडा दिला नाही.

तुलनेसाठी रीजंट नावाच्या अमेरिकन कंपनीचं सीग्लायडर बघण्यासारखं आहे. बारा प्रवासी, बॅटरी, फॉइल, आणि ते पाण्याच्या अगदी जवळून उडणार म्हणून विमान नाही तर जहाज म्हणून मान्यता घेतायत. मला त्यांच्या रेंजबद्दल आणि वर्दळीच्या बंदरात त्या वेगाने जाण्याबद्दल शंका आहेतच. मोठ्या ऑर्डरची बेरीज तेही सांगतात. पण त्यांनी २०२२ ला पाव आकाराचं मॉडेल समुद्राच्या पाण्यावर चालवलं आणि २०२५ ला पूर्ण आकाराचं यान माणसं बसवून पाण्यात घातलं. आधी पाणी. पैसे त्यात टाका असं म्हणत नाही, पण निदान क्रम बरोबर आहे.

म्हणून दोन स्टार. एक डिझाइनला, एक टीममधल्या त्या तरुण मुलीला जिने प्रेझेंटेशनमध्ये माझ्या हंपच्या प्रश्नावर मध्येच सरळ सांगितलं की टाकीतली चाचणी अजून झालेली नाही. तिच्या साहेबांनी लगेच विषय बदलला, पण बोलली ती खरं.

आतेभावाने पैसे टाकलेले नाहीत. त्याने माझ्या सांगण्यावरून त्यांना मेल केलाय, चार गोष्टी मागितल्यात: टाकीतल्या चाचणीचा विरोधाचा ग्राफ, पूर्ण वजनाला राखीव वेळ धरून रेंज, कोणतेही दोन कप्पे पाण्याने भरले तर विमान सरळ तरंगतं याचा हिशोब, आणि खाऱ्या पाण्यात रोज उभं राहणाऱ्या विमानाचं वर्षभराचं मेंटेनन्सचं वेळापत्रक. तीन आठवडे झाले. पोच आलीय, उत्तर नाही. आलं की इथेच अपडेट टाकतो, आणि आकडे पटले तर स्टारही वाढवतो.